नमाजाआधी ओल जाणवली तर: वुजू, गुस्ल आणि मनातली धास्ती

रत्नागिरीकडच्या एका तरुणाने पत्रातून विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. वय 27, घराणं कोकणी मुसलमान, म्हणजे शाफई, इमाम शाफई यांचं मत मानणारं. नोकरी बडोद्यात, मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत), मशीनवर. तरसालीला चौघांत मिळून एक खोली. लग्न गेल्या हिवाळ्यात झालं, बायको अजून गावीच आहे. रात्री दोघं फोनवर बोलतात. बोलता बोलता शरीर उत्तेजित होतं आणि फोन ठेवल्यावर कपड्याला थोडी चिकट ओल दिसते. याला वाटतं, आपण नापाक (अशुद्ध) झालो, गुस्ल (सगळ्या अंगाची अंघोळ) फर्ज (बंधनकारक) झाला. पण पहाटे न्हाणीघर एकच, त्यात ‘रोज पहाटे अंघोळ कशाला?’ असं कोणी विचारलं तर काय सांगायचं, ही लाज. अशाने फजर, म्हणजे पहाटेची नमाज, सुटत गेली. पुढे नमाजात उभं राहिलं तरी मनात नको ते यायला लागलं आणि वुजू (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुऊन मिळणारी शुद्धता) गेला की काय, ही शंका पाठीस लागली. ईदला बायको आली होती तेव्हा वुजूनंतर तिचा हात लागला. वडील म्हणायचे वुजू तुटतो, खोलीतले हनफी (इमाम अबू हनीफा यांचं मत मानणारे) मित्र म्हणतात काही होत नाही. आणि मोहल्ल्याचे पेशइमाम (नमाज पढवणारे) तेही हनफी, तर त्यांच्यामागे आपली नमाज होते का, हा शेवटचा प्रश्न.

बडोद्यात मराठी बोलणाऱ्या मुसलमान घरांमध्ये मी बरीच वर्षं फिकह (धर्माचरणाच्या नियमांचं शास्त्र) शिकवतो आहे. हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो आणि जवळजवळ नेहमीच उशिरा येतो, तोवर माणसाच्या कितीतरी नमाजा गेलेल्या असतात. म्हणून त्या तरुणालाच उद्देशून सविस्तर लिहितो. तुम्ही शाफई आहात, तेव्हा आधी शाफई मसला (नियम) सांगेन, आणि तुमच्या खोलीतल्या मित्रांनाही उपयोग व्हावा म्हणून हनफी मसला लगेच बाजूला देईन.

पहिली गोष्ट मनात पक्की करा. नुसत्या उत्तेजनेने ना वुजू तुटतो, ना गुस्ल फर्ज होतो. मनात विचार आला, बायकोचा आवाज ऐकून शरीर ताठरलं, तिचा फोटो पाहिला, यातल्या कशानेही तुमची तहारत (शुद्धता) जात नाही. हनफी आणि शाफई या दोन्हींचं यावर एकमत आहे. शरीअत इथे मनात काय आलं ते मोजत नाही, शरीरातून काय बाहेर आलं ते बघते. आणि जे बाहेर आलं ते नक्की काय आहे, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

उत्तेजनेच्या वेळी जे पातळ, पारदर्शक, चिकट पाणी येतं, त्याला मज़ी म्हणतात. ते उसळून येत नाही, नुसतं पाझरतं. पुष्कळदा आलेलं कळतही नाही, नंतर कपड्याला ओल लागते तेव्हा कळतं. ते आल्याने उत्तेजना ओसरत नाही आणि अंग गळून गेल्यासारखंही होत नाही. तुम्ही जे वर्णन केलं आहे ते शब्दाशब्दाला याचंच आहे. मज़ीने गुस्ल फर्ज होत नाही. वुजू जातो आणि लागलेली जागा नापाक होते, एवढंच. जागा धुवा, कपड्यावरचा डाग धुवा, वुजू करा आणि नमाजाला उभे राहा.

मनी म्हणजे वीर्य. शाफई फिकहात त्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: ते झटक्या-झटक्याने उसळून येतं, येताना सुख वाटतं आणि मागाहून अंग सैल पडतं, आणि त्याला ओलं असताना मळलेल्या पिठाचा किंवा खजुराच्या मोहोराचा वास येतो, वाळल्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा. या तिन्हींतली एक जरी खूण सापडली तरी ती मनी, आणि गुस्ल फर्ज. रंग आणि जाडी यांवर विसंबू नका, ती माणसामाणसाला आणि दिवसादिवसाला बदलतात. हनफींकडे एक अट जास्तीची आहे. मनी आपल्या जागेवरून सुटताना शहवत, म्हणजे कामेच्छा असायला हवी. जड ओझं उचलताना किंवा आजारामुळे तशीच बाहेर पडली तर त्यांच्याकडे गुस्ल नाही. शाफईंकडे मात्र ती कशीही आली तरी गुस्ल आहे.

तिसरी वदी. लघवीनंतर किंवा काही जड उचलल्यावर कधी कधी गढूळ, घट्टसर पांढरा थेंब येतो. उत्तेजनेशी त्याचा संबंध नाही आणि त्याचा हुकूम लघवीचाच. धुवा, वुजू करा.

आता तुम्ही लिहिलेल्या लाजेविषयी. हजरत अली (रजि.) यांना मज़ीचा त्रास फार होता. अबू दाऊद यांच्या हदीसींच्या (पैगंबरांच्या सांगण्या-वागण्याच्या नोंदींच्या) संग्रहात त्यांचं स्वतःचं सांगणं आहे की, मी इतका गुस्ल करायचो की पाठीच्या त्वचेला भेगा पडल्या. विचारावं तर रसूलुल्लाह (स.), म्हणजे पैगंबर, यांची मुलगी, हजरत फातिमा (रजि.), घरात पत्नी. सासऱ्यांना हे विचारायचं कसं? म्हणून त्यांनी मिकदाद बिन अस्वद (रजि.) यांना विचारायला पाठवलं. उत्तर आलं ते असं, की त्याने ती जागा धुवावी आणि वुजू करावा. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम, दोन्हींत आहे. हजरत सहल बिन हुनैफ (रजि.) यांचीही तीच गत होती, तेही गुस्लवर गुस्ल करत. त्यांनाही सांगण्यात आलं की, तुला वुजू पुरे. म्हणजे तुम्ही आज तरसालीच्या खोलीत ज्या घोळात आहात, त्याच घोळात मदिन्यात हजरत अली होते. त्यांनी लाज सोडली नाही, पण नमाजही सोडली नाही. स्वतः विचारता आलं नाही तर दुसऱ्याकरवी विचारलं. तुम्ही लिहून विचारलंत, हाही तोच रस्ता आहे.

यातून आणखी एक गोष्ट निघते. या ओलीला आपल्याकडे ‘धात जाते’ म्हणतात आणि भिंतींवरच्या गुप्तरोगाच्या जाहिराती याच भीतीवर चालतात. मज़ी हा आजार नाही, अशक्तपणाही नाही. मूत्रमार्गालगतच्या लहान ग्रंथींतून उत्तेजनेच्या वेळी येणारं ते नैसर्गिक पाणी आहे, प्रत्येक निरोगी पुरुषात कमी-जास्त असतं. त्यावर एक रुपयाही खर्च करू नका. जळजळ होत असेल, रक्त दिसत असेल, किंवा उत्तेजना नसतानाही दिवसभर काहीतरी गळत असेल, तर गोष्ट वेगळी. मग सरळ मूत्ररोगाच्या डॉक्टरकडे जा.

कपड्याचं थोडं तपशिलात सांगतो, कारण खरी अडचण तिथेच होते. सहल बिन हुनैफ यांनी कपड्याचंही विचारलं होतं. ओंजळभर पाणी घेऊन जिथे लागलंय असं दिसतं तिथे शिंपड, असं उत्तर मिळालं. इमाम अहमद यांनी यावरून शिंपडणं पुरेसं मानलं. इमाम शाफई यांच्याकडे आणि हनफींकडेही धुणंच लागतं. पण धुणं म्हणजे पँट साबणात भिजत घालणं नव्हे. डागाच्या जागेवर पाणी ओता, बोटांनी चोळा, चिकटपणा गेला की पाक. शाफईंनी एक काळजी घ्यायची. नापाक कपडा पाण्याच्या बादलीत बुडवू नका. दोन कुल्ल्यांपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे लिटरपेक्षा कमी पाण्यात नापाक चीज पडली तर ते सगळं पाणीच नापाक होतं. एका बादलीत चड्डी बुडवून, पिळून, त्याच पाण्याने वुजू करणारे मी पाहिले आहेत. तसं करायचं नाही. कपडा हातात धरून वरून तांब्याने पाणी सोडायचं. कारखान्यात शिफ्टवर असाल तर संडासातल्या नळाखाली एवढंसं काम एका मिनिटात होतं. ओला डाग दिसेल अशी लाज वाटत असेल तर आत एक जादा चड्डी घालत जा आणि नमाजाच्या वेळी ओल लागलेली काढून ठेवा.

हनफी मित्रांसाठी: तुमच्याकडे मज़ी ‘नजासते गलीज़ा’त (कडक हुकमाच्या घाणीत) येते, पण पातळ नजासत तळहाताच्या खोलगट भागाएवढ्या जागेपर्यंत असली तर नमाज होऊन जाते. मुद्दाम तशीच ठेवणं मात्र मकरूह (नापसंत). शाफईंकडे ही सूट नाही, दिसणारा डाग धुवायलाच हवा.

खुद्द मनी पाक की नापाक, हा दोघांतला मोठा फरक. शाफईंकडे मनी पाक आहे; गुस्ल फर्ज होतो, पण कपडा नापाक होत नाही. धुणं चांगलं, सक्ती नाही. हनफींकडे ती नापाक आहे. ओली असेल तर धुवावी, वाळून घट्ट झाली असेल तर खरवडून टाकली तरी चालते. दोन्हींना आधार हजरत आयेशा (रजि.) यांच्याच हदीसींचा. त्या रसूलुल्लाह (स.) यांच्या कपड्यावरची वाळलेली मनी खरवडून काढत आणि त्याच कपड्यात ते नमाज पढत. एका बाजूने यातून पाकी काढली, दुसऱ्या बाजूने पाक करण्याची पद्धत काढली.

आता, मज़ी आहे की मनी तेच कळेना, असं झालं तर? झोपेतून उठलात, कपडा ओला आहे, खूण कुठलीच स्पष्ट नाही. शाफई मसला इथे फार सोयीचा आहे. तुम्हाला निवड दिलेली आहे. मनी मानून गुस्ल करा, किंवा मज़ी मानून जागा आणि कपडा धुवा आणि वुजू करा. जे मानाल त्याचे सगळे हुकूम पाळा, म्हणजे झालं. हनफी मसला याबाबत जास्त सावध आहे. झोपेतून उठल्यावर शंका असेल तर त्यांच्याकडे बहुतेक वेळा गुस्ल करायचा. पण झोपण्याआधीच शरीर उत्तेजित होतं आणि त्याच अवस्थेत डोळा लागला असेल, तर ती ओल मज़ी धरतात आणि मनीची खात्री झाल्याशिवाय गुस्ल नाही. फोन ठेवून तसंच झोपी जाणाऱ्या हनफी मित्राला ही बारीक गोष्ट माहीत असायला हवी.

स्वप्न आठवतं पण ओल नाही, तर काहीही लागत नाही. ओल मनीची आहे पण स्वप्न आठवत नाही, तर गुस्ल. हे बायकांनाही लागू. हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांनी रसूलुल्लाह (स.) यांना थेट विचारलं होतं की, अल्लाह हक सांगायला लाजत नाही, बाईला असं स्वप्न पडलं तर तिच्यावर गुस्ल आहे का? हो, तिने पाणी पाहिलं तर, असं उत्तर मिळालं. हजरत आयेशा (रजि.) अन्सारी (मदिन्याच्या) बायकांचं याचसाठी कौतुक करत, की लाजेने त्यांना दीन शिकण्यापासून अडवलं नाही. तुमच्या पत्नीलाही हे सांगा. फोनवरच्या बोलण्याने तिच्याही मनात हेच प्रश्न येत असतील, आणि कदाचित तीही कोणाला विचारत नसेल.

बायकोशी फोनवर प्रेमाचं बोलणं गुनाह नाही, हे स्पष्ट सांगतो. तुमच्या पत्रात त्याबद्दलही एक अपराधी सूर आहे. ती तुमची निकाहाची बायको आहे. मात्र चौघांच्या खोलीत ते बोलणं दुसऱ्याच्या कानावर जाऊ नये. गच्चीवर जा, बाहेर जा. स्वतःच्या हाताने स्खलन करून घेणं शाफई मताने नाजायज आहे, आणि त्यातून मनी आली तर अर्थात गुस्ल फर्ज. परक्या बायकांची चित्रं आणि व्हिडिओ बघणं हा नजरेचा गुनाह आहे, त्याची तौबा करावी. पण वुजूचा हिशोब तिथेही तोच, काही बाहेर आलं तरच तुटतो. गुनाह आणि वुजू ही दोन खाती वेगळी आहेत. गुनाह झाला म्हणून नमाजाला न जाणं, म्हणजे एका गुनाहावर दुसरा, त्याहून मोठा चढवणं.

गुस्ल खरोखर फर्ज झाला तेव्हाचं सांगतो. मनी आली तर, आणि मियाँ-बिवीच्या संबंधात स्खलन झालं नाही तरी दोघांवरही. सूरह माइदाच्या 6व्या आयतीत ‘जुनुबी (गुस्ल फर्ज झालेले) असाल तर पाक व्हा’ असा हुकूम आहे. शाफई गुस्लाचे फर्ज दोनच, नीयत आणि सगळ्या अंगाला पाणी पोहोचणं, केसांच्या मुळांसकट. गुळणी आणि नाकात पाणी शाफईंकडे सुन्नत (पैगंबरांची रीत, सक्ती नाही), हनफींकडे फर्ज. तुम्ही दोन्ही कराच. पाणी फार लागतं असं समजू नका. रसूलुल्लाह (स.) एक सा ते पाच मुद (चार मुदांचा एक सा, ही जुनी मापं) पाण्यात गुस्ल करत आणि एक मुद पाण्यात वुजू. शाफई हिशोबाने सा म्हणजे अडीच-तीन लिटरच्या आसपास. अर्धी बादली तुम्हाला भरपूर झाली. न्हाणीघर पाच मिनिटांत मोकळं होतं, कोणाला पत्ताही लागत नाही. लाजच वाटत असेल तर बडोद्यात पुष्कळ मशिदींना वुजूखान्याला लागून गुस्लखाना असतो. नमाजाच्या जागेत न जाता तिथे अंघोळ उरकता येते.

गुस्लाआधी लघवी करून घ्या. मार्गात राहिलेली मनी निघून जाते. गुस्लानंतर ती पुन्हा बाहेर आली तर शाफईंकडे गुस्ल परत करावा लागतो. हनफींकडे, लघवी करून मग गुस्ल केला असेल आणि नंतर शहवतीशिवाय थेंब आला, तर गुस्ल पुन्हा नाही, वुजू पुरे.

जानेवारीतली बडोद्याची पहाट गार असते, मान्य. पण पाणी तापवायची सोय असताना थंडीचं कारण सांगून तयम्मुम (पाण्याऐवजी मातीने शुद्ध होणं) चालत नाही. आणि जनाबतीत, म्हणजे गुस्ल फर्ज असलेल्या अवस्थेत, असताना माणूस अस्पृश्य होतो, असं तर मुळीच समजू नका. हजरत अबू हुरैरा (रजि.) जनाबतीत होते, मदिन्याच्या एका गल्लीत समोरून रसूलुल्लाह (स.) आले, तर हे हळूच सटकले आणि अंघोळ करून परतले. विचारल्यावर खरं सांगितलं. त्यावर उत्तर मिळालं, ‘सुब्हानल्लाह, मोमिन नापाक होत नसतो.’ नमाज, मशिदीत थांबणं, कुराण पढणं आणि त्याला हात लावणं, तवाफ (काबेची प्रदक्षिणा), एवढं थांबतं. खाणं, पिणं, कामावर जाणं, सलाम करणं, काहीच थांबत नाही.

नमाजात येणाऱ्या विचारांकडे आता येतो. मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी याची वाटली. नमाजात बायकोची आठवण आली, शरीरात हालचाल झाली, नमाज तुटत नाही. विचार आला की त्याला धरून बसू नका, किराअतीकडे (कुराणपठणाकडे) परत या. ओल आल्याची शंका आली तर नमाज सोडू नका. एका माणसाला नमाजात सतत वाटायचं की वारा सरला. रसूलुल्लाह (स.) यांच्याकडे त्याची तक्रार गेली, तेव्हा फर्मावलं की आवाज ऐकू येईपर्यंत किंवा वास येईपर्यंत नमाज सोडू नये. याच हदीसीवर फिकहाचा एक मोठा कायदा उभा आहे: शंकेने खात्री जात नाही. वुजू केल्याची खात्री आहे, तुटल्याची शंका आहे, तर वुजू आहे. नमाजानंतर जाऊन तपासायचीही गरज नाही. शंकेखोर माणसासाठी तपासणं हेच दुखणं वाढवतं. आज एकदा तपासतो, उद्या प्रत्येक रकातीनंतर तपासावंसं वाटतं. वुजूनंतर चड्डीवर थोडं पाणी शिंपडायची पद्धत सुन्नतीत आहे, ती वापरा. मग ओल जाणवली तर मनाला सांगता येतं की ते मीच शिंपडलेलं पाणी. अर्थात खात्रीच झाली, थेंब आलेला स्पष्ट कळला, तर नमाज सोडा, धुवा, वुजू करा आणि पहिल्यापासून पढा.

शंका एवढ्यावर थांबत नसेल, हात धुण्यात, कपडे बदलण्यात तासन् तास जात असतील, तर तो नुसता वसवसा (मनातली शंका) नाही, त्याला मानसोपचारात औषध आहे. सयाजी रुग्णालयात तो विभाग आहे. तिथे जाण्यात ईमानाची काही कमी नाही. तुमच्या पत्रावरून मला अजून तेवढं वाटत नाही, पण फजर सुटण्यापर्यंत गोष्ट गेली आहे म्हणून सांगून ठेवतो.

क्वचित एखाद्याला खरोखर सतत गळण्याचा आजार असतो. हनफींकडे एका नमाजाचा पूर्ण वेळ असा जावा की वुजू करून फर्ज पढण्याएवढीही फट मिळू नये, तेव्हा तो माज़ूर (सवलतीला पात्र) ठरतो. मग एका वेळेला एक वुजू. शाफईंकडे वेळ लागल्यावर धुवून, फडकं बांधून, प्रत्येक फर्जासाठी नवा वुजू. फोनवर बोलल्यावरच ओल येत असेल तर तुम्ही यात येत नाही.

बायकोच्या हाताचा प्रश्न. तुमच्या वडिलांनी तुम्हाला बरोबर शिकवलं आणि तुमचे मित्रही चुकीचं बोलत नाहीत. सूरह निसाच्या 43व्या आणि माइदाच्या 6व्या आयतीत ‘बायकांना स्पर्श केला असेल’ असा उल्लेख आहे. इमाम शाफई यांनी तो हाताच्या स्पर्शावर घेतला, इमाम अबू हनीफा यांनी संबंधावर. हनफींचा एक मोठा आधार हजरत आयेशा (रजि.) यांचं सांगणं: मी झोपलेली असे आणि माझे पाय रसूलुल्लाह (स.) यांच्या समोर, किबल्याच्या (नमाजाच्या दिशेच्या) बाजूला असत, सजद्याच्या वेळी ते मला हाताने स्पर्श करत आणि मी पाय आखडून घेई. शाफई म्हणतात, मध्ये कपडा असू शकतो. म्हणून शाफई मसला असा: बायको असो वा परकी बाई, कातडीला कातडी लागली की वुजू तुटला, मनात इच्छा असो वा नसो, आणि दोघांचाही. कपड्यावरून लागला तर नाही. केस, नख, दात यांना लागला तर नाही. आई, बहीण, मुलगी, सासू अशा कायमच्या महरम (ज्यांच्याशी निकाह कधीच होऊ शकत नाही अशा) बायकांचा लागला तर नाही. मेव्हणी कायमची महरम नाही, तिचा लागला तर तुटतो. व्हिडिओ कॉलवर बघण्याने काही तुटत नाही, तिथे स्पर्शच नाही. हनफींकडे नुसत्या स्पर्शाने, चुंबनानेही तुटत नाही, मज़ी आली तरच. दोघं उघड्या अंगाने, गुप्तांगाला गुप्तांग लावून उत्तेजित झाले, तर मात्र ओल न येताही तुटतो. शाफईंकडे आणखी एक: आपल्याच गुप्तांगाला तळहाताच्या आतल्या बाजूने थेट स्पर्श झाला तरी वुजू जातो. गुस्ल करताना हे लक्षात ठेवा. खालची जागा आधी धुवून घ्या आणि शेवटी पुन्हा हात लावू नका, म्हणजे गुस्लातच वुजू होऊन जातो.

बायको कायमची बडोद्याला आल्यावर एवढ्याशा खोलीत दर नमाजाआधी जपणं कठीण होईल, मग या एका बाबतीत हनफी मसला घेतला तर चालेल का? चालतं, गरजेपोटी. हजच्या गर्दीत तवाफाच्या वेळी कितीतरी शाफई हेच करतात. पण मग तो वुजू पूर्ण हनफी पद्धतीने धरायचा, अर्धा इकडचा अर्धा तिकडचा नाही. हनफींकडे वाहतं रक्त आलं की वुजू तुटतो, शाफईंकडे तुटत नाही. तुम्ही मशीनवर काम करता, पत्र्याची धार लागून बोटातून रक्त वाहिलं आणि बायकोच्या हाताचा स्पर्शही झाला, तर तो वुजू दोन्हींकडे गेला. हनफींना डोक्याच्या चौथ्या हिश्श्याचा मसह (ओला हात फिरवणं) लागतो, शाफईंना थोड्या केसांचाही पुरतो. या बारकाव्यांची सवय नसेल तर वुजू नवा करणं सोपं, दोन मिनिटांचं काम आहे.

इमाम हनफी असल्याची काळजी सोडा. इमामसाहेब घरून निघण्याआधी काय करून आले याची चौकशी तुमच्यावर नाही. ते वुजूत आहेत असंच धरायचं, आणि न कळता पढलेली नमाज तुमची झाली. कोकणातून इथे स्थायिक झालेली शाफई घरं वर्षानुवर्षं हनफी इमामांमागे पढत आली आहेत.

राहिला सुटलेल्या फजरींचा हिशोब. ज्या दिवशी तुम्ही मज़ीला मनी समजून गुस्ल करून नमाज पढलीत, ती झाली. मसला ठाऊक नव्हता म्हणून ज्या सुटल्या, त्यांची कजा (सुटलेली नमाज नंतर पढणं) तुमच्यावर आहे, आणि विनाकारण सुटलेली असेल तर शाफईंकडे ती लवकरात लवकर फेडायची. वुजूची शंका येऊनही ज्या पढलात, त्या परत पढू नका. कपड्यावर वाळलेली मनी कधीतरी सापडली आणि केव्हाची ते कळेना, तर शेवटच्या झोपेपासूनच्या नमाजाच परत, त्याआधीच्या नाहीत. सुटलेल्यांचा आकडा पक्का आठवत नसेल तर याहून जास्त नक्कीच नसतील असा जो आकडा मनाला पटेल, तो धरा. नीयत ‘माझ्यावरची पहिली कजा फजर’ अशी करा. दोनच रकाती आहेत. शाफईंकडे कजा असरनंतरही (दुपार कलल्यावरच्या नमाजानंतरही) पढता येते, म्हणून शिफ्ट सुटल्यावर, जोहरला, इशानंतर, जमेल तशी एकेक काढत चला. आणि उद्याची फजर मात्र वेळेवर. ओल दिसली तर धुवायची, वुजू करायचा आणि जमातीत (सगळ्यांसोबतच्या नमाजाला) जायचं.